आमच्या ओसरीवरचा देणेबाकीचा फळा

सन एकोणीसशे शहाऐंशी. साल विसरणं शक्यच नाही, कारण त्याच साली आमच्या ह्यांना हेडक्लार्कची बढती मिळाली आणि बढतीच्या भरात त्यांनी जिंतूरच्या आमच्या घरावर पितळी पाटी लावून घेतली. ‘माणिकराव चारठाणकर’. अक्षरं एवढी मोठी, की समोरच्या पिठाच्या गिरणीत बसलेल्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता यावीत. ह्यांचं म्हणणं, पोस्टमनची सोय. पोस्टमन आमच्या शेजारीच राहत होता.

त्या पाटीखाली, ओसरीवर, मी बायकांच्या घरगुती मालाचं विक्री केंद्र चालवत असे. केंद्र हा शब्द जरा मोठा झाला. एक कपाट, एक तराजू आणि मी, एवढाच तो कारभार. गावातल्या आणि आसपासच्या पंचवीस-तीस बाया पापड, शेवया, सांडगे, गोधड्या आणून द्यायच्या. मी ते एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायचे. काही माल परभणीच्या एका दुकानात, काही पूर्णेला स्टेशनाबाहेरच्या टपरीवर, आणि चांगला माल येलदरीच्या वसाहतीत, कारण वीजघरातल्या साहेबांच्या बायका घासाघीस करत नसत. माल विकला की पैसे त्याच कंडक्टरच्या हातून परत यायचे. कंडक्टरची सुट्टी, एसटीचं पंक्चर आणि दुकानदाराची मर्जी हे तिन्ही जमून आले, तर लवकर यायचे.

मधल्या काळात बायांना एकच प्रश्न असे. माझं काय झालं? आणि तो विचारायला काळवेळ नव्हता. मी कणीक मळत असले की खिडकीतून आवाज यायचा, “बाई, माझे पापड गेले का?” चतुराबाई शेवयांवाली तर मी आंघोळीला बसले की झरोक्याखाली येऊन उभी राहायची. तिच्या शेवया केसासारख्या बारीक आणि आवाज भोंग्यासारखा. “सत्यशीलाबाई! माझ्या शेवयाचे पैसे आले का न्हाई? पाणी अंगावर घेऊन मंग सांगा, घाई न्हाई!” घाई नाही म्हणून ती तिथंच उभी. मी डोक्यावर साबण घेऊन आतून हिशेब सांगायचे. सगळ्या गल्लीला चतुराबाईची मिळकत आणि माझी आंघोळीची वेळ तोंडपाठ झाली होती.

न विचारणारी एकच होती, कोंडाबाई. गावाबाहेर मेंढरं राखणाऱ्यांची वस्ती होती, तिथली. लोकर कातून ती पूजेला बसायची सुंदर आसनं विणायची. येलदरीला ती हातोहात जात. ती यायची ते शेवटच्या पायरीवर बसायची, आधी रस्त्याकडे बघायची आणि मग हळूच म्हणायची, “बाई, झाले असतील तर राहू द्या तुमच्याकडंच.” तिला पैसे घरी न्यायचे नव्हते. तिला न्हाणी बांधायची होती.

ही गोष्ट तिने फक्त मला सांगितली होती. घरामागे, मेंढरांच्या वाड्याची भिंत आणि लिंबाचं झाड यांच्यामध्ये लुगडं बांधून, उजाडायच्या आत आंघोळ उरकायची, हे तिचं लग्न झाल्यापासून चाललेलं. “वारा सुटला की एक हात लुगड्याला अन् एक हात तांब्याला,” ती म्हणाली होती. “चार भिंती पाह्यजेत, बाई. अन् दार. वर पत्रे न्हाई घातले तरी चालतंय, वरून कोण बघतंय.” नवऱ्याला, भुजंगला, सांगायची सोय नव्हती. भुजंग वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या हातात रुपया आला की त्याला बाजारात काहीतरी दिसायचं. त्या वर्षी त्याला दोन भोंग्यांचा टेपरेकॉर्डर दिसला होता. सासू म्हाळसाबाई तर सगळ्या वस्तीला धाक. तेव्हा कोंडाबाईचे पाचशे-साडेपाचशे रुपये माझ्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे बसले होते. पावसाळ्याआधी विटा घ्यायच्या, असं आमचं दोघींचं ठरलं होतं.

आता फळ्याकडे वळते.

एकदा जिंतूरच्या बसस्टँडवर उभी असताना मला वेळापत्रकाचा फळा दिसला आणि एकदम सुचलं. आपणही असाच एक फळा लावला तर? कुणाचा माल किती गेला, पैसे किती आले, किती द्यायचे राहिले. बाया येतील, बघतील, जातील. माझी कणीक आणि माझी आंघोळ दोन्ही सुटतील. स्टँडवरचे सगळे लोक आधी फळा वाचत होते आणि मग खिडकीशी जाऊन “गाडी कधी हाय?” म्हणून विचारत होते. हे मी त्याच वेळी नीट बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

बेत मी शेजारच्या बन्सीधरकाकांना सांगितला. तो सांगायला नको होता, पण ते कुंपणापलीकडे उभेच होते. काका निजामाच्या काळात कुठल्याशा कचेरीत मुनशी होते. राज्य जाऊन जमाना झाला, तरी त्यांचा हिसाब अजून चालूच होता. त्यांनी ताबडतोब कागद मागवला.

“रकाने किती?” ते म्हणाले.

“दोन-तीन पुरेत काका.”

“सूनबाई, तीन रकान्यांत भाजीवाली हिसाब ठेवते. माल पाठवला, माल विकला, रक्कम वसूल, रक्कम अदा, देणे बाकी. आणि सगळ्यात आधी नाव, वलदियतसह, म्हणजे बाप नाहीतर नवरा कोण ते.”

“ते कशाला?”

“वलदियतशिवाय नाव म्हणजे नाव नव्हे. तुमच्याकडे कोंडाबाया किती?”

“तीन.”

“मग?” काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “एकीची बाकी दुसरीच्या पदरात पडली तर फौजदारी होईल. बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव पाहिजेच.”

मला ते पटलं. काकांचं बोलणं ऐकताना नेहमीच पटायचं. घरी आल्यावर पटणं बंद व्हायचं, पण तोवर ते पुन्हा कुंपणाशी आलेले असायचे.

नवऱ्यांची नावं गोळा करायला मी बसले आणि दोन दिवस त्यातच गेले. एकही बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेईना. एकीने देवळाकडे बोट दाखवलं, एकीने आभाळाकडे. चतुराबाई म्हणाली, “बाई, मी तुमाला शिव्या देऊन दाखवते, पण नाव न्हाई घेणार.” तिच्या नवऱ्याचं नाव शेवटी मी तिच्या शेजारणीकडून काढलं. आसनांवाल्या कोंडाबाईला मी ओळखत होते, पण तिच्या नवऱ्याचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं; ती नेहमी ‘मालक’ म्हणायची.

“पंचमीला ज्याची पूजा करतो ते,” ती पदर तोंडाशी धरून म्हणाली.

“नागोराव?”

“न्हाई.”

“शेषराव?”

“न्हाई हो बाई.”

“मग भुजंग?”

ती लाजून भिंतीकडे तोंड करून बसली. मी लिहून घेतलं. जाता जाता तिने विचारलं, “पर बाई, मालकाचं नाव कामून लागतंय?”

“हिसाबाला लागतं,” मी म्हणाले, आणि जन्मात कधी मुनशीगिरी न करता बन्सीधरकाकांसारखा चष्मा कपाळावर चढवला.

मग परवानगी. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे. गावात भिंतीवर कुणी चुना लावला तरी लोक थांबून बघायचे, की आता ह्यावर काय लिहिणार. त्यामुळे रस्त्याच्या बाजूला फळा लावायचा तर गावातल्या एका कचेरीत अर्ज द्यावा लागतो, असं समजलं. तिथल्या बाबूंनी माझा अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

“ताई, घोषणा वगैरे?”

“नाही हो. बायकांची नावं आणि आकडे.”

“जाहिरात आहे का मग?”

“जाहिरात कसली? कुणाला किती पैसे द्यायचे राहिलेत, ते लिहिणार.”

बाबूंनी पेन खाली ठेवलं. “दिवाळखोरीची जाहिरात? असा प्रकार आमच्याकडे आजवर आला नाही.” शेवटी त्यांनी तो ‘इतर’ या सदरात बसवला आणि घरमालकाचं ना हरकत पत्र मागितलं.

घरमालक म्हणजे आमचे हे. मला वाटलं, जेवताना दोन ओळी लिहून घेईन. पण हेडक्लार्कपद नवं होतं. ह्यांनी माझा कागद हातात न घेता “टेबलावर ठेव” म्हणून सांगितलं. टेबल म्हणजे आमचंच, ज्यावर मी भाजी चिरायचे. दुसऱ्या दिवशी त्यावर लाल शाईत शेरा होता: ‘फलकाचा आकार नमूद नाही.’ मी आकार नमूद केला. तिसऱ्या दिवशी शेरा: ‘खिळे किती?’ मग मात्र मी त्या दिवसाच्या ताटातली आमटी मंजुरीसाठी राखून ठेवली. ना हरकत पत्र भात संपायच्या आत मिळालं.

फळा रंगवायला लिंबाजी पेंटर आला. ट्रकच्या मागचे मोर, दुकानाच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं तोच रंगवायचा. मी त्याला दहादा बजावलं. “लिंबाजी, रकाने आणि नावं रंगाने. आकडे मी रोज खडूने लिहीन.” तो “व्हय, व्हय” म्हणत होता. फळा त्याने दुकानावर नेला आणि नमुन्यासाठी माझा कच्चा कागदही नेला. त्यावर त्या दिवशीचे आकडे होते.

आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी मी मागे अंगणात धुणं धूत होते. लिंबाजी आला, त्याने फळा ओसरीवर ठोकला आणि बिडी ओढत बसला. बाहेर गलका वाढला तशी मी हात पुसत आले आणि बघते तो काय. कडेला वेली, दोन कोपऱ्यांत दोन पोपट, वर ‘सुस्वागतम्’, त्याखाली सगळ्यात मोठ्या अक्षरांत ‘देणे बाकी’. आणि खाली नावांपुढे सगळे आकडे, पिवळ्याधमक ऑइलपेंटमध्ये, सावली देऊन, कोरून काढल्यासारखे.

“लिंबाजी! आकडे खडूने म्हटलं होतं ना!”

“खडू एका पावसात जातो, वैनी. ह्ये लेकराबाळाला पुरंल.” त्याने बिडी विझवली. “अन् आपला भाव अक्षरावर हाय. आकडाबी अक्षरच धरतो आमी.”

मी ओल्या फडक्याने घासून बघितलं. पोपटाचा रंग थोडा निघाला. आकडे चमकायला लागले.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी म्हटलं असतं, ठीक आहे. पण फळा ठोकताना लिंबाजीने सरळ रेषा बघून तो ह्यांच्या पितळी पाटीच्या बरोब्बर खाली ठोकला होता. त्यामुळे रस्त्यावरून वाचणाऱ्याला, आणि बाजारामुळे त्या दिवशी सगळा तालुका रस्त्यावर होता, तो मजकूर सलग असा दिसायचा: ‘माणिकराव चारठाणकर. सुस्वागतम्. देणे बाकी.’ आणि खाली पंचवीस-तीस बायकांची नावं.

दुपारच्या आत हे ऑफिसातून घरी आले. नोकरीत पहिल्यांदा. किराणा दुकानदाराने म्हणे वाटेत अडवून, खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, “साहेब, घरी सगळं ठीक हाय नव्हं? अडचण असंल तर आधी आमची उधारी तेवढी बघा.” ऑफिसातल्या शिपायाने तर न मागता पाण्याचा ग्लास आणून दिला होता. ह्यांनी फळ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन पंखा लावून बसले. पंखा चालू नव्हता, लाइट गेली होती. तरी बसले.

ही झाली आमच्या घरची अब्रू. खरा इस्कोट पुढेच होता.

बाया फळा बघून जातील, ही माझी कल्पना. त्यांतल्या फार थोड्यांना वाचता येत होतं. वाचता येत होतं ते त्यांच्या नवऱ्यांना. आणि आपलं नाव पिवळ्या रंगात बाजाराच्या रस्त्यावर लिहिलेलं दिसलं, की कोणता माणूस थांबणार नाही? एकेक जण नाव वाचून खूश व्हायचा, मग समोरचा आकडा वाचायचा आणि त्याचा चेहरा बदलायचा. घटकाभरात ओसरीपुढे पटकेवाल्यांची रांग लागली. “वैनी, आमच्या मंडळींचे तेवढे द्या.” “आमाला कुणी सांगितलंच न्हाई की शेवयाला एवढे पैसे येत्यात.” चतुराबाईचा नवरा तर हिशेब करत होता, की इतकी वर्षं आपण तंबाखू उधार का आणली.

मी घाईघाईने मोरांची चादर आणून फळ्यावर टाकली. त्याने गर्दी दुप्पट झाली. झाकलेलं काही दिसलं की उद्घाटन असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी नारळ आणला. “कोण साहेब येणारायत?” म्हणून लोक एकमेकांना विचारू लागले आणि मागचे लोक पुढच्यांना बसा म्हणून ओरडू लागले.

अशात गाण्याचा आवाज आला. भुजंग येत होता. खांद्यावर दोन भोंग्यांचा टेपरेकॉर्डर, कोरा करकरीत, चालू. दुकानदाराने तो त्याला पैसे न घेता दिला होता, संध्याकाळपर्यंतच्या बोलीवर. कशाच्या भरवशावर? “हेडक्लार्कच्या दारावर पक्क्या रंगात लिवलंय, बायकोचे पाचशे चाळीस येणं हाय,” एवढं भुजंगने सांगितलं आणि दुकानदार स्वतः येऊन वाचून गेला.

“वैनी,” भुजंग गाण्यावरून आवाज चढवून म्हणाला, “भांडायला आलो न्हाई. तेवढे पैसे देता का?”

“आसनं कोंडाबाईने विणली. पैसे तिला देईन.”

“व्हय, पर ती तर म्हणली न्हाई कधी.” त्याने चादरीचं टोक उचललं. “बगा. काय लिवलंय? कोंडाबाई भुजंग. मधी कोण बसलाय? मी. मी न्हाई म्हणलो व्हतो का लिवायला?”

मी मदतीसाठी बन्सीधरकाकांकडे बघितलं. ते कुंपणावरून मान हलवत होते. “वलदियत लिहिली म्हणजे हक्क शाबीत,” ते म्हणाले. “कायद्याने त्याचं बरोबर आहे.” त्या क्षणी मी काकांना काय म्हणाले ते लिहीत नाही. त्यांची मुलं अजून आहेत.

तेवढ्यात गर्दीतून कोंडाबाई आली. डोक्यावर लोकरीचं गाठोडं. तिने नवरा बघितला, खांद्यावरचा टेपरेकॉर्डर बघितला, पिवळे आकडे बघितले. तिला वाचता येत नव्हतं, पण बाजारभर लोक तिच्याकडे बघून हसत होते, तेवढं पुरेसं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आपल्या नेहमीच्या शेवटच्या पायरीवर बसली, गाठोडं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली,

“बाई, माझी न्हाणी गेली.”

मी एवढी ग्रॅज्युएट झालेली बाई. भुजंगने उचललेलं चादरीचं टोक तेवढं परत खाली ओढलं.

आणि मग काठी वाजली. लोक बाजूला झाले. म्हाळसाबाई. ओसरीत येऊन तिने आधी पोराकडे बघितलं.

“त्ये गाणं बंद कर.”

भुजंगला बटण सापडेना. त्याने एक दाबलं तर गाणं मोठं झालं, दुसरं दाबलं तर भराभर पळायला लागलं. शेवटी लिंबाजीने पुढे होऊन ते बंद केलं.

“किती दडवलीस गं?” म्हाळसाबाई सुनेला म्हणाली.

कोंडाबाई खाली बघून म्हणाली, “हाय तेवढं लिवलंय की आत्याबाई. सगळ्या गावाला ठावं झालंय.”

“कशाला दडवलीस? सोनं करायचं व्हतं?”

“न्हाई.”

“माह्यारी द्यायचं व्हतं?”

“न्हाई. न्हाणी बांधायची व्हती.”

मी डोळे मिटले. आता काठी चालणार, की शिव्या, एवढंच मला बघायचं राहिलं होतं. पण काहीच झालं नाही. म्हाळसाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिचं वय झालं होतं. पाठ वाकली होती. त्याच वाड्यात ती नवरी होऊन आली होती आणि तेच लिंबाचं झाड.

“दार लावणार व्हतीस का?” ती म्हणाली.

“लावणार व्हते.”

“लाकडी?”

“लाकडी.”

“कडी आतून?”

“आतून, आत्याबाई.”

म्हाळसाबाईने घसा साफ केला. मग पोराकडे न बघताच म्हणाली, “त्यो डबा ज्याचा हाय त्याला नेऊन दे.”

“माय, पर मी सांगितलंय त्याला...”

“मी न्हाई सांगितलं.” आणि माझ्याकडे वळून, “माय, रोख पैसं एकालाबी देऊ नको. ह्याला न्हाई, हिलाबी न्हाई. हिच्याकडून ह्यो गोड बोलून काढून घील. इटा दे. त्या पैशाच्या इटा अन् दार. गाडी आमच्या दारात रिकामी कर.” मग लिंबाजीला काठी लावून, “अन् तू. रंग हाय का?”

“हाय की, म्हाळसामाय.”

“लिव तिथं. इटा. सगळ्या बाजाराला दिसू दे. उद्या ह्यो फिरला तर कोणबी वाचून दाखवील त्याला.”

लिंबाजीने चादर काढली. लोक पुढे सरकले, ज्याने नारळ आणला होता त्याने तो फोडला. बन्सीधरकाका कुंपणावरून ओरडले, “‘रक्कम अदा’ रकान्यात लिही!” आणि लिंबाजीने पाचशे चाळीसच्या शेजारी ठसठशीत लिहिलं: विटा, दार, कडी. मी आत गेले, तांदळाच्या डब्यामागचे पैसे काढले आणि सगळ्यांसमोर वीटभट्टीवाल्याच्या हातात ठेवले. तो बाजारात आलेला होताच, तोही उद्घाटन बघायला थांबला होता.

भुजंग टेपरेकॉर्डर घेऊन परत निघाला. चांगली चार पावलं गेल्यावर थांबला आणि म्हणाला, “माय, मंग मलाबी त्यात न्हायला मिळंल का?”

“रांगेत,” म्हाळसाबाई म्हणाली.

त्यानंतर जे झालं ते माझ्या हातात नव्हतं. दुसरी कोंडाबाई पुढे आली, “माझ्या नावापुढं पितळंची कळशी लिवा.” कुणी शेगडी लिहून घेतली, कुणी धाकटीच्या शाळेचा डगला. नवरे आपापल्या नावाखाली आपापल्या घरात काय काय येणार ते वाचत उभे राहिले, कारण आता सगळा बाजारच वाचत होता. चतुराबाई मात्र म्हणाली, “मला काय बी नको. मालकाचं नाव तेवढं खोडा.” लिंबाजीने खोडायचेही अक्षरावर पैसे लावले. तिने दिले. त्या संध्याकाळी हे पंख्याखालून उठले, स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आले आणि पितळी पाटी काढून कपाटात ठेवली. लाइट तेव्हा आली.

न्हाणी पावसाआधी झाली. विटांच्या चार भिंती, वर काही नाही, आणि सागाचं नाही पण सागासारखं रंगवलेलं दार. रंग अर्थातच लिंबाजीचा. त्याने दारावर एक पोपट काढला होता, फुकट. पहिल्या आंघोळीचा मान माझा, असं कोंडाबाईने ठरवलं आणि मला ते नाकारता येईना. त्या वस्तीतल्या साऱ्या बाया बाहेर बसलेल्या आणि मी आत, हंड्यातल्या कढत पाण्यासमोर. चतुराबाईही आली होती. तिने सवयीप्रमाणे भिंतीपलीकडून विचारलं, “बाई, माझ्या शेवयाचे आले का?” मी आतून उत्तर दिलं. त्यानंतर नवं दार ओल्याने फुगून घट्ट बसलं आणि मला बाहेर यायला भुजंगला बोलवावं लागलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांनी बघितलंच होतं.

मग म्हाळसाबाई गेली. कडी लागल्याचा आवाज आला. बराच वेळ पाण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. आम्ही बाहेर वाट बघतोय, वाट बघतोय. कोंडाबाई घाबरली.

“आत्याबाई, काय झालं?”

“काय न्हाई.”

“मंग काय करायलाव?”

“बसलेय,” आतून आवाज आला. “नुसती. बसू द्या की वाईच.”

आता कोण कुठे आहे ते सांगते. बन्सीधरकाका दोन वर्षांनी गेले. शेवटच्या आजारपणातही दवाखान्याच्या कागदावर वलदियत नाही म्हणून त्यांनी सही करायचं नाकारलं होतं. लिंबाजीचा मुलगा आता मशीनवर छापलेले फलक विकतो, अक्षरावर नाही, फुटावर. लिंबाजी घरी बसून नातवाच्या वह्यांवर मोर काढतो. चतुराबाईने पुढे आपलं स्वतःचं दुकान टाकलं आणि माझं केंद्र बंद पडायला थोडा हातभार लावला. मला तिचा राग नाही. तिच्या दुकानातून मी अजून शेवया घेते आणि पैसे तिथल्या तिथे देते. आमचे हे निवृत्त झाले ते कार्यालय अधीक्षक म्हणून. निरोपाच्या भाषणात एकाने ‘फळ्याचे साहेब’ असा उल्लेख केला. घरी दारात आल्यावर ते खूप हसले. त्यांना जाऊन आता सहा वर्षं होतील. त्यांनी शेरा मारलेला तो अर्ज मी जपून ठेवला नाही, ठेवायला हवा होता असं हल्ली वाटतं.

म्हाळसाबाई पुढे आठेक वर्षं जगली. रोज दुपारी, उन्हात पाणी तापलं की जायची, आणि कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. भुजंगने टेपरेकॉर्डर कधीच घेतला नाही. रोज न्हाणीत तो स्वतःच गायचा आणि विटांच्या भिंतीत त्याचा आवाज दोन भोंग्यांतून आल्यासारखाच येई, असं तो सांगे.

कोंडाबाईकडे मी मागच्या दिवाळीत गेले होते. आता न्हाणीला फरशी आहे, नळ आहे, वर पत्रे आहेत. तिची सून आत होती. बराच वेळ झाला होता. म्हातारा भुजंग खांद्यावर पंचा टाकून दाराशी येरझारा घालत होता. “अगं किती येळ? मला बाजारला जायचं हाय! काय करायलीय ती आत?”

कोंडाबाई पायरीवर लोकर पिंजत बसली होती. तिने वर न बघताच त्याला म्हटलं,

“बसली असंल. बसू द्या की तिला.”